फक्त-वाचा फाइल बदलली कशी? सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातल्या सर्व्हरचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा सकाळी सव्वानऊला फोन आला. "सर्व्हर हॅक झालाय का बघा. नाहीतर आमच्याच माणसानं घोळ घातलाय." दुसरं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं. मी गाडी काढली ती त्या दुसऱ्या वाक्यामुळे.

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते बहुतेकांना माहीत असतं. पण आज त्या टॉवेलच्या बॉर्डरवरचं नक्षीकाम फाइलमधून येतं, हे शेडमध्ये गेल्याशिवाय लक्षात येत नाही. डिझायनर संगणकावर नक्षी काढतो. कुठल्या ओळीला कुठला उभा धागा उचलायचा, हे सगळं त्या फाइलमध्ये असतं. फाइल सर्व्हरवर जाते. शेडमधला सुपरवायझर ती पेन ड्राइव्हवर घेतो, नक्षीप्रमाणे धागे उचलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डच्या कंट्रोलरला लावतो आणि लूम चालू करतो. पूर्वी पंच केलेल्या पुठ्ठ्यांची माळ असायची. ती चुकीची चढवली तर लगेच नजरेत यायची. फाइलचं तसं नाही. नाव तेच, आकार जवळपास तेवढाच, आणि आतली नक्षी मात्र वेगळी असू शकते.

त्या रात्री तसंच झालं होतं. एका हॉटेलची जुनीच ऑर्डर परत आली होती. बॉर्डरमध्ये हॉटेलचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात गावाचं नाव. सकाळी चेकिंगच्या टेबलावर एका मावशींनी टॉवेल उलटा-सुलटा केला आणि म्हणाल्या, "ह्याच्यात खालची ओळच नाही की." दोन लूमवर पूर्ण रात्रपाळीचा माल पहिल्या कच्च्या नक्षीप्रमाणे विणला गेला होता. गावाचं नाव नसलेला.

डिझाइन विभागाच्या मॅडम ठाम होत्या. त्यांनी आदल्या दिवशी दुपारी चारला सर्व्हरवरची फाइल उघडून पाहिली होती, ती बरोबर होती. शिवाय ती फाइल त्यांनी 'फक्त वाचा' करून ठेवली होती. सगळ्यांची लिहिण्याची परवानगी काढलेली, आकड्यात सांगायचं तर ४४४. "मग ती बदलेल कशी? सर्व्हरवर बदललीच नाही. ह्यांच्या पेन ड्राइव्हवर जुनी असणार."

'हे' म्हणजे रात्रपाळीचे सुपरवायझर. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, शेडमध्ये मराठी, आयुष्य लूमवर गेलेलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की रात्री सव्वाअकराला मी फाइल सर्व्हरवरूनच घेतली. पण ते सिद्ध कसं करणार? मी पोचलो तेव्हा ते ऑफिसच्या दाराशी उभे होते. पाळी संपून दोन तास झाले होते, तरी घरी गेले नव्हते. मालकांनी त्यांना चार दिवस रात्रपाळीला येऊ नका असं सांगून टाकलं होतं.

फाइलचा जन्म

मी आधी कुणालाच काही विचारलं नाही. सर्व्हरवर त्या फाइलची पूर्ण माहिती काढली. सर्व्हरवर लिनक्स ही प्रणाली आहे, आणि तिच्यात 'स्टॅट' नावाची आज्ञा आहे. ती एका फाइलच्या चार वेळा दाखवते: शेवटचं वाचन, मजकुरातला शेवटचा बदल, नाव-परवानगी वगैरेतला शेवटचा बदल, आणि जन्म.

मजकुरातला बदल चार महिन्यांपूर्वीचा होता. मॅडम स्क्रीनकडे बोट करून म्हणाल्या, "बघा, चार महिन्यांत हात लागलेला नाही." बाकीच्यांनीही माना हलवल्या. फाइल्सच्या यादीत तारखेचा हाच एक रकाना दिसतो, आणि सगळे त्याच्यावरच विश्वास ठेवतात.

पण खालच्या ओळीत जन्माची वेळ होती: काल रात्री १० वाजून ५२ मिनिटं.

ज्या फाइलचा जन्म काल रात्रीचा, तिच्यात शेवटचा बदल चार महिन्यांपूर्वी झाला, असं कसं होईल? एकाच रीतीनं. काल रात्री कुणीतरी आपल्या संगणकावरची जुनी फाइल सर्व्हरवर चढवली आणि चढवणाऱ्या प्रोग्रामनं तिची मूळ तारीख तशीच ठेवली. फाइल पाठवण्याचे बरेच प्रोग्राम हे आपोआप करतात. मजकुराची तारीख अशी बाहेरून ठरवता येते, जन्माची येत नाही.

अण्णांनी फाइल घेतली सव्वाअकराला. त्याच्या तेवीस मिनिटं आधीच सर्व्हरवर चुकीची फाइल आलेली होती. हे मी मालकांना तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं. तांत्रिक उलगडा अजून व्हायचा होता, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला आणखी तासभर थांबवणं बरोबर नव्हतं.

मग चढवली कुणी? इथे अडचण आली. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, त्या रात्री तीन प्रवेश होते आणि तिन्ही एकाच खात्याचे: 'डिझाइन'. मॅडम त्याच खात्यानं येत, शेडचा संगणक त्याच खात्यानं येई, आणि जॉबवर्क करणारे एक बाहेरचे डिझायनर घरून त्याच खात्यानं येत. आत आल्यावर कोण काय करतो याची नोंद सर्व्हर ठेवतच नव्हता. सर्व्हरवर दुरून प्रवेश देणाऱ्या ओपन-एसएसएच या प्रोग्रामचा फाइल विभाग मुळात फक्त चुकाच नोंदवतो, जास्त नोंद हवी असेल तर तसं सांगावं लागतं. नशीब एवढंच की प्रवेशाच्या नोंदीत कुठल्या पत्त्यावरून आले ते होतं. दोन पत्ते कारखान्याच्या आतले. तिसरा बाहेरचा, रात्री १० वाजून ४७ मिनिटांचा.

बाहेरच्या डिझायनरना फोन लावला. त्यांनी काहीही लपवलं नाही. दुसऱ्या एका ऑर्डरचं काम संपवून त्यांनी अख्खं फोल्डर ओढून सर्व्हरवर टाकलं होतं. फोल्डरमध्ये चार महिन्यांपूर्वीचे कच्चे नमुनेही पडून होते. प्रोग्रामनं विचारलं, या नावाची फाइल आहे, बदलू का? त्यांनी 'सगळ्यांना होय' दाबलं. बिचाऱ्यांना दिवसभराच्या कामानंतर झोप येत होती.

उरला मॅडमचा प्रश्न. फक्त-वाचा फाइल बदलली कशी?

हा प्रश्न मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण यातला गैरसमज मी ठिकठिकाणी पाहतो. लिनक्समध्ये फाइलची परवानगी फक्त तिच्या आतल्या मजकुराचं रक्षण करते. फाइल पुसणं, तिचं नाव बदलणं, तिच्या जागी दुसरी आणून ठेवणं, हे सगळं ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरच्या परवानगीवर ठरतं. फोल्डर म्हणजे शेवटी नावांची वहीच. वहीत लिहायची मुभा असलेला माणूस एक ओळ खोडून तिथे दुसरी लिहू शकतो, त्या ओळीतल्या फाइलला कितीही कुलपं असोत. बाहेरच्या डिझायनरचा प्रोग्राम मोठी फाइल आधी तात्पुरत्या नावानं चढवतो, आणि ती पूर्ण आली की जुनी काढून नवीला तिचं नाव देतो. म्हणजे त्यानं मॅडमच्या फाइलचा मजकूर बदललाच नाही. ती फाइल काढली आणि त्या नावानं दुसरी बसवली. ४४४ चा त्याला काहीच अडथळा नव्हता, कारण फोल्डर ७७७ होतं.

७७७ कुठून आलं

वाचणं ४, लिहिणं २, फोल्डरमध्ये शिरणं १. तिन्ही मिळून ७. पहिला आकडा मालक-खात्याचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. ७७७ म्हणजे ज्याला आत येता आलं त्याला सगळंच करता येतं.

मुळात सर्व्हर नीट लावलेला होता. 'डिझाइन' आणि 'शेड' अशी दोन वेगळी खाती होती, आणि प्रत्येक खातं आपापल्या फोल्डरात कोंडलेलं होतं, त्याच्या बाहेरचं दिसत नव्हतं. गेल्या वर्षी एक नवी मुलगी डिझाइनला लागली. तिला वेगळं खातं दिलं, पण फाइल ठेवायला गेली की 'परवानगी नाकारली'. कारण साधं होतं: फोल्डरचं मालक-खातं 'डिझाइन' होतं आणि गटाला लिहिण्याची मुभा नव्हती. त्या वेळच्या तंत्रज्ञानं वरपासून खालपर्यंत सगळ्यावर ७७७ मारलं.

त्याबरोबर सगळ्यांचाच प्रवेश बंद पडला. ओपन-एसएसएचचा नियम असा की ज्या फोल्डरात खातं कोंडायचं ते, आणि त्याच्या वरचं प्रत्येक फोल्डर, रूट या सर्वाधिकारी खात्याच्या मालकीचं हवं आणि दुसऱ्या कुणाला तिथे लिहिता येता कामा नये. नाहीतर तो कुणालाच आत घेत नाही. वापरणाऱ्याला कारण कळत नाही. पासवर्ड स्वीकारला जातो आणि पुढच्या क्षणी जोडणी तुटते. कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. दिवाळीच्या आधीची घाई, फोनवर फोन. तंत्रज्ञानं कोंडण्याची ओळच काढून टाकली. सगळं चालू झालं. मग शेडच्या संगणकावर कुणीतरी 'डिझाइन'चा पासवर्ड साठवून ठेवला, नवी मुलगी तेच वापरू लागली, बाहेरच्यांना तेच दिलं गेलं.

त्या तंत्रज्ञाला मी दोष देणार नाही. काम अडलेलं असताना समोरचा माणूस फक्त 'चालू करा' म्हणतो, आणि ७७७ नं चालू होतंच. पण एकदा सगळे एका खात्यात शिरले की खरं नुकसान फाइलींचं होत नाही. काही बिघडलं की संशय सगळ्यांवर येतो, आणि तो नेहमी सगळ्यात खालच्या माणसावर जाऊन थांबतो. पासवर्ड चौघांकडे होता. रात्रपाळी बंद झाली ती अण्णांची.

टेबलावरचा कागद

दुसऱ्या दिवशी मी संगणक उघडण्याआधी कागद घेतला आणि प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारल्या. तुम्ही इथे काय ठेवता? काय घेता? काय पुसता? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प झाले. पुसायची गरज जवळजवळ कुणालाच नव्हती. अण्णा म्हणाले, "मला फक्त घ्यायचं असतं. ठेवायचं काही नाही." वर्षभर त्यांच्या संगणकाला अख्खा सर्व्हर पुसायची मुभा होती, आणि त्यांना ती नकोच होती.

त्या कागदावरून तीन फोल्डर ठरली: 'आलेलं', 'चालू काम' आणि 'पक्कं'. प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावाचं खातं, तिन्ही पाळ्यांच्या सुपरवायझरनाही वेगवेगळं. कामाचे गट तीन: डिझाइन, वाचक, आणि बाहेरचे. शिवाय सर्व्हरवर यायची मुभा देणारा एक गट.

'पक्कं' फोल्डरच्या मालक मॅडम, गट वाचक, परवानगी २७५०. मागचे तीन आकडे वरच्याच हिशेबानं: मॅडमना सगळं, गटाला शिरणं आणि वाचणं, इतरांना काही नाही. पुढचा २ म्हणजे आत येणारी प्रत्येक फाइल आपोआप फोल्डरच्या गटात जाईल. हा नसला तर फाइल ठेवणाऱ्याच्या गटात राहते आणि शेडला ती उघडत नाही. शेडच्या खात्यांना हे फोल्डर आणखी एका थरानं, फक्त-वाचा जोडणीनं दिसतं. कोंडलेल्या खात्याला शॉर्टकट-दुव्यावरून कोंडीबाहेर जाता येत नाही, म्हणून मूळ फोल्डर त्याच्या आत जोडावं लागतं, आणि ते जोडताना फक्त-वाचा म्हणून जोडता येतं.

'चालू काम'ला ३७७० दिलं. यातल्या ३ मध्ये वरचा २ आहेच, शिवाय १ आहे, ज्याला स्टिकी बिट म्हणतात. त्यामुळे सगळे डिझायनर तिथे फाइल ठेवू शकतात, पण दुसऱ्याची फाइल पुसता किंवा बदलून टाकता येत नाही. हे फक्त फाइलचं मालक-खातं, फोल्डरचं मालक-खातं आणि रूट यांनाच जमतं. त्या रात्री हा एक आकडा आणि वेगळी खाती असती तर 'सगळ्यांना होय' दाबूनही मॅडमची फाइल जागची हलली नसती.

बाहेरच्यांना प्रत्येकाला स्वतंत्र कोंडी. आत एक फोल्डर आणलेलं ठेवायला, एक न्यायचं घ्यायला. दुसऱ्या बाहेरच्या माणसाचं अस्तित्वही त्यांना दिसत नाही.

माझी एक चूक इथे सांगायला हवी. डिझायनर एकमेकांच्या फाइलीत काम करतील असं मी धरून चाललो आणि नव्या फाइलींसाठी युमास्क (नव्या फाइलीवरून कुठल्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा आकडा) ००७ ठेवला, म्हणजे गटालाही लिहिण्याची मुभा. अण्णांच्या खात्यानं तपासलं, सगळं ठीक. मग धाकट्या डिझायनरला सांगितलं, तू 'पक्कं'मधली एखादी फाइल बिघडवून दाखव. तिनं सरळ उघडली, बदलली, जतन केली. पुसता येत नव्हती, पण आतला मजकूर बदलता येत होता, कारण मॅडमनी ठेवलेली फाइल वाचक गटाला लिहिण्याजोगी झाली होती आणि ही धाकटी डिझायनर वाचक गटात होती. फोल्डर नावाचं रक्षण करतं आणि फाइल मजकुराचं, हे आदल्याच दिवशी मी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. त्याची दुसरी बाजू माझ्याकडून सुटली. मॅडम म्हणाल्या, "एकमेकांच्या फाइलीला हात लावायचाच नाही. बदल करायचा तर पुढचा नंबर टाकून नवी फाइल." युमास्क ०२७ केला, म्हणजे गटाला फक्त वाचता येईल. नावात नंबर आले, आणि एकाच नावाच्या कच्च्या-पक्क्या फाइलींचा घोळही त्याबरोबर संपला.

तेव्हापासून कुठेही गेलो तरी मी प्रत्येक गटातल्या एका माणसाला शेजारी बसवून बिघडवायला सांगतो. चालतंय का ते सगळेच तपासतात. जे चालायला नको ते खरंच अडतंय का, हे बघणं राहून जातं.

नोंदीही चालू केल्या. आता कुठल्या खात्यानं कुठली फाइल उघडली, पुसली, नाव बदललं, हे वेळेसकट लिहिलं जातं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे, तेवढे ठेवतो.

मालक या सगळ्याला 'एफटीपी' म्हणतात, आणि सोलापुरात बहुतेक ठिकाणी हाच शब्द चालतो. पण ही एसएफटीपी आहे, म्हणजे एसएसएच या कूटबद्ध जोडणीतून, पोर्ट २२ वरून जाणारी. जुनी एफटीपी, जिचं प्रमाण १९८५ सालचं आहे, ती पासवर्ड उघड्या अक्षरात पाठवते. बाहेरची माणसं घरून काम करत असतील तर साधी एफटीपी वापरूच नये.

दोन आठवड्यांनी

एके सकाळी धाकट्या डिझायनरला सर्व्हर आतच घेईना. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं काम केलं होतं. कारखान्यातल्या संगणक बघणाऱ्या मुलानं मला फोन केला. तो आधी म्हणाला, "सर, मी ७७७ नाही मारलं. आधी तुम्हाला विचारतोय." मला फार बरं वाटलं.

झालं होतं असं. मॅडमनी तिला आणखी एका गटात घ्यायला सांगितलं होतं. त्यानं खात्यात बदल करणाऱ्या 'यूजरमॉड' आज्ञेला गट सांगणारा '-जी' दिला, पण त्याआधीचा 'ए' राहिला. 'ए' असला तर गट वाढतो. नसला तर आधीचे सगळे जादा गट काढून तेवढा एकच ठेवला जातो. ती डिझाइनमधून गेली, वाचकमधून गेली, आणि एसएफटीपीची मुभा देणाऱ्या गटातूनही गेली. आदल्या दिवशी कळलं नाही, कारण चालू असलेल्या प्रवेशाला जुनेच गट लागू राहतात. नवे गट पुढच्या प्रवेशापासून लागतात. गट परत जोडले, ती पुन्हा आत आली, काम चालू झालं. आता तो मुलगा बदलाआधी आणि नंतर 'आयडी' आज्ञेनं गट बघतो आणि वहीत उतरवून ठेवतो.

अण्णा तिसऱ्याच दिवशी रात्रपाळीला परत आले होते. मालक स्वतः शेडमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, चूक माझी झाली." मी तिथे होतो. लूमच्या आवाजात ते किती जणांना ऐकू गेलं माहीत नाही, पण अण्णांना ऐकू गेलं.

पुढच्या भेटीत अण्णांनी मला लॉग दाखवायला सांगितलं. मी त्यांच्या खात्याच्या ओळी काढल्या. तारीख, वेळ, फाइलचं नाव, 'वाचली'. अशाच ओळी, खालपर्यंत. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, पाळी बदलताना मी माझं खातं बंद करून जातो, पण दुसऱ्या पाळीचा मुलगा स्वतःचं उघडं ठेवून चहाला जातो. त्याला पण हे दाखवा. त्या संध्याकाळी दाखवलं.

एक काम अजून राहिलंय. मुंबईच्या खरेदीदार एजंटकडे दोन माणसं आहेत आणि दोघं अजून एकाच खात्यानं येतात. मालकांनी त्यांना पत्र पाठवलंय. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर दुसरं खातं उघडायचं ठरलंय, तोवर त्यांच्या फोल्डरची नोंद मी रोज सकाळी बघतो.